कुबेलिक यांच्यावरही लिहा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गायक-वादकांवर भरभरून येते. पण सगळा वाद्यवृंद ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतो, त्या संचालकाबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. मी धंतोलीत व्हायोलिन शिकवतो आणि शिष्यांना संचालक राफाएल कुबेलिक आवर्जून ऐकवतो.

चेक व्हायोलिनवादक यान कुबेलिक यांचा हा मुलगा. 1942 पासून प्रागच्या चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख. नाझी अंमलात त्यांनी हिटलरी सलाम ठोकायला आणि हिटलरच्या लाडक्या जर्मन संगीतकार वागनरचे संगीत वाजवायला नकार दिला. 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावताच देश सोडला. पुढे शिकागोचा वाद्यवृंद, मग लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा ऑपेरा आणि 1961 ते 1979 म्युनिकचा रेडिओ वाद्यवृंद. म्युनिकची ध्वनिमुद्रणे हेडफोन लावून ऐका. त्यांनी पहिली व्हायोलिने डावीकडे, दुसरी उजवीकडे बसवली. त्यामुळे एका कानात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर! एरवी दुसरी व्हायोलिने पहिल्यांच्या मागे दबून जातात. माझ्या मते हा त्या वादकांवर अन्यायच आहे.

संधिवातामुळे 1985 मध्ये ते निवृत्त झाले होते. तरीही कम्युनिस्ट राजवटीतून देश मोकळा झाल्यावर, 1990 मध्ये, पंच्याहत्तराव्या वर्षी ते प्रागला परतले आणि चेक संगीतकार स्मेतानाचे ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझा देश’, त्यांनी संचालित केले. आजही स्मेतानाच्या स्मृतिदिनी, 12 मे रोजी, प्रागचा संगीत महोत्सव याच रचनेने सुरू होतो.

त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, नागपुरातल्या एखाद्या संगीत संस्थेने ही रचना सर्वांसाठी ऐकवावी. स्पीकर आणि माहिती मी देईन. आपण आधीच्या रविवारी एक लेख छापावा, ही विनंती.

– एक व्हायोलिन शिक्षक, धंतोली, नागपूर