जेवून मग वाचा

प्रिय अम्मी-अब्बा,

सलाम.

फोनवर अम्मी गप्प होते आणि अब्बांची नेमकी तेव्हाच रेंज जाते, म्हणून लिहितोय. मी नोकरी सोडली. दुसरी हातात आहे, १ तारखेपासून जायचंय. पगार आठ हजारांनी कमी आहे, पण कोंढव्यातून थेट बस मिळते, पेट्रोलचे दोन हजार तिथेच वाचतील. डबाही घरचाच नेता येईल.

भांडण झालं नाही. कोणी शिवीही दिली नाही. गणपतीत आरासीचे पुठ्ठे दरवर्षी मीच कापायचो. पण शुक्रवारी नमाजला चाळीस मिनिटं गेलो की ती मोजली जायची. बाकीच्यांच्या सिगारेटी कोणी मोजत नव्हतं. मार्चमध्ये टीमलीडची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला गेली. साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, "काम तुझंच चांगलं आहे रे, पण क्लायंटला अवघड वाटायला नको. मेलखाली नुसतं राज लिहून बघ."

अब्बा, मी महिनाभर राज लिहिलं. तुम्हाला सांगायला हेच सगळ्यात जड जातंय. पहिल्या दिवशी एकीने "रियाज म्हणजे गाण्याचा का?" विचारलं, तेव्हाही मी हो म्हणून टाकलं होतं.

मामूंच्या ओळखीच्या वकिलांना भेटलो. घटनेची १५ आणि १६ ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, म्हणाले. खाजगी कंपनीने धर्म बघून बढती नाकारली तर तिला थेट अडवणारा कायदा नाही. २०१५ साली मुंबईतल्या एका हिरे कंपनीने एका मुलाला 'आम्ही बिगरमुस्लिमच घेतो' असं चक्क ईमेलवर कळवलं, म्हणून तिथे गुन्हा तरी दाखल झाला. चहा पाजून सांगणाऱ्याचं काय करणार?

तुम्ही म्हणाल, तूच कुठे कमी पडला असशील. मलाही तसंच वाटायचं. मग सुखदेव थोरात सरांचा (अमरावतीकडचे, अर्थतज्ज्ञ) एक जुना अभ्यास वाचला. २००५-०६ मध्ये त्यांनी खाजगी कंपन्यांना अर्ज पाठवले होते. शिक्षण सारखंच, फक्त नावं वेगळी. मुसलमान नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश निघाली. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

९३ साली तुम्ही टोपी खिशात ठेवून डेपोत ड्युटी केलीत आणि जाधवकाका रोज दारापर्यंत सोडायला यायचे. त्यावर मी काही म्हणत नाहीये, अब्बा. तेव्हा घरात सहा तोंडं होती. मी एकटा आहे, म्हणून मला सोडता आली, इतकंच.

अम्मी, पाटीवर तू माझं नाव दुसऱ्या वेलांटीने लिहून द्यायचीस. बाई खोडायच्या, तू दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. नवीन ऑफिसच्या ओळखपत्रावर 'रीयाज' छापून आलंय. मी दुरुस्त करायला दिलं नाही.

आता ऐका. जुन्या कंपनीचा विमा जाणार होता, म्हणून तुम्हा दोघांचा वेगळा विमा आधीच उतरवलाय. कागद निळ्या फाइलमध्ये येतील, ते धान्याच्या डब्याखाली ठेवू नका. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही, पैशाचं कारण तर सांगूच नका. अम्मी, साखर महिन्याला तपासायची आणि सांदणं एकच खायचं. एक म्हणजे एक. आणि वाशिष्ठीचं पाणी वाढतंय असं कळलं की सामान आवरत बसू नका, सरळ वरच्या आळीत जा. २१ सालासारखं पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबायचं नाही.

ईदला दोन दिवस आधी येतो. जाधवकाकांना यातलं काही सांगू नका, ते माझ्या साहेबांना फोन लावतील.

तुमचा,
रियाज