सिस्टर, तुमच्यामुळे घरातलं जेवणाचं भांडण मिटलं

आदरणीय सिस्टर,

माझ्या सासऱ्यांची, मामाजींची तेरवी आटोपली, पाहुणे गेले, तेव्हा लिहायला बसले.

आजार बरा होणार नाही हे ठाऊकच होतं. पोटातली कॅन्सरची गाठ लिव्हरपर्यंत गेली होती. पण त्याहून जास्त छळलं ते मळमळीनं. कांद्याची फोडणी पडली की मामाजी ओसरीवरून उठून मागच्या वाडीत जायचे आणि कोरड्या ओकाऱ्या काढायचे. मागे सासूबाई ताट घेऊन उभ्या, "दोन घास खा ना जी, असं कसं जमन?" शेजारीपाजारी सांगायचे, सलाईन लावा.

यवतमाळहून भर उन्हात स्कूटीवर तुम्ही आलात आणि आधी विचारलं काय, तर संडास कधी झाली होती! आम्ही एकमेकांची तोंडं पाहत राहिलो. दुखणं थांबवायच्या मॉर्फिननं पोट साफ होत नाही आणि त्यानंही मळमळ वाढते, हे कोणी सांगितलंच नव्हतं. "मॉर्फिन बंद करू नका, सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज द्या," म्हणालात आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. जेवणाच्या अर्धा तास आधी मळमळीची गोळी मेटोक्लोप्रमाइड, रात्री ओलान्झापिन. ओलान्झापिन पाहून मेडिकलवाला म्हणाला, ही तर डोक्याच्या आजाराची गोळी! मी घाबरून फोन केला. कमी मात्रेत ती मळमळही थांबवते, भूकही थोडी आणते, झोप मात्र येईल, हे तुम्ही न चिडता समजावलंत.

सलाईनचं तर तुम्ही गणितच मांडलं. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, एका भाकरीएवढीही ताकद नाही. त्यानंतर आमच्या घरी कोणी सलाईनचं नाव काढलं नाही.

पण खरे आभार सासूबाईंकडून. "काकू, तुमचं रांधणं कमी पडत नाहीये. या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही, भूकच मरते," असं तुम्ही म्हणालात आणि त्या बाई पहिल्यांदा रडल्या. नंतर हेच भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. ताटाची वाटी झाली. गरम जेवणाचा वास सहन होत नाही म्हणून गार आंबील, ताक, संत्र्याच्या दोन फोडी. एका दुपारी मामाजी आपणहून म्हणाले, "वाटीभर आंबील दे वं पोरी, मीठ टाकजो जराशीक." फार जेवले असं नाही. पण ताट घेऊन मागे लागणाऱ्या सासूबाई त्यांचे पाय चेपत शेतातल्या गोष्टी काढायला लागल्या.

खालच्या पुऱ्यात एका घरी सध्या हेच सुरू आहे, तोंडाचा कॅन्सर आहे. तुमचा नंबर दिलाय त्यांना. फोन येईल, तेवढा घ्या.

तुमची,
मामाजींची धाकटी सून