काटक्यांवरच्या बुरशीला फवारणी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने शहरातल्या बागेबद्दल तक्रार केली होती. बाक मोडलेत, दिवे बंद आहेत, पडलेल्या काटक्या कुणी उचलत नाही आणि त्यांवर लाल-पिवळी बुरशी चढली आहे, तेव्हा औषध फवारा, असं त्यांचं म्हणणं. बाक आणि दिव्यांबाबत मी त्यांच्यासोबत आहे. बुरशीबाबत मात्र राहवलं नाही, कारण तिच्याशी माझं जुनं वैर आहे.

मी चाळीस वर्षं लाकडाची वखार चालवली. मृग लागला की आमच्या पोटात गोळा यायचा. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीची डाळ शिजत नाही, पण ताडपत्री कुठे फाटली आणि थप्पीतली फळी भिजत राहिली की संपलं. ही सड दोन तऱ्हांची, आणि हाताला लगेच कळते. एकीत लाकूड फिकं पडतं, दोरे सुटतात. ही बुरशी लाकडाला ताठपणा देणारं लिग्निनही फस्त करते. दुसरीत ती लाकडाचे दोरे ज्याचे बनतात ते सेल्युलोज खाते आणि लिग्निन तेवढं मागे ठेवते. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगाळतं, चिमटीत धरलं की भुकटी. अशा फळ्या मी शिव्या देत जळणात टाकल्या आहेत.

आता वखार बंद आहे. सकाळी नातीला घेऊन बागेत जातो. यंदा तिच्या हातात भिंग होतं, आणि वाऱ्याने पडलेली गुलमोहराची एक फांदी दिसली. सालीवर बुरशीचे नखाएवढे पांढरट, लोकरी पंखे ओळीने बसलेले. फांदी उलटी करून पाहिलं तर पंख्याखालची प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली. ऊन पडलं की या चिरा आतल्या बाजूला वळतात आणि पंखा मिटतो. आम्ही एक पंखा घरी आणून पंधरा दिवस फळीवर ठेवला, पार खडखडीत वाळला. मग ओल्या फडक्यावर ठेवला, तर काही तासांत पुन्हा उघडला. माझी फळी एकदा वाळली की मी निर्धास्त व्हायचो, ते आठवून जरा हसू आलं.

शेजारच्या कुजक्या बांबूवर केशरी, जेलीसारखे चपटे चमचे होते, जेमतेम अर्ध्या बोटाएवढे. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातलीच द्रव्यं त्यांच्यातही असतात. वाफ्यातल्या काटकीवर तर करंगळीच्या नखाएवढी घरटी, आणि आत मसुराहून बारीक, चपटी अंडी! पावसाचा थेंब नेमका आत पडला की ती उडून मीटरभर लांब जाऊ शकतात. त्यांतच पुढच्या बुरशीचं बी, म्हणजे बीजाणू असतात. नात अर्धा तास छत्री धरून थेंबाची वाट बघत बसली होती. छत्री घरट्यावरच धरली होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात माळी आले. “काका, हात लावू नगासा, कुत्र्याच्या छत्र्या हाईत, इषारी असत्यात.” त्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. नुसता हात लागून विषबाधा होत नाही, पण ओळख नसलेली अळंबी तोंडात घालायची नाही, हे मीही नातीला बजावलं आहे.

फवारणीचं म्हणाल तर आपल्याला दिसतं ते फक्त बुरशीचं फळ. तिचे तंतू लाकडाच्या आत पसरलेले असतात. वरून औषध मारून ते हटत नाहीत, औषध मात्र मातीत उतरतं. आणि मेलेल्या काटकीवरची ही बुरशी कोणाचं काय बिघडवते? लिग्निन पचवणारे जीव जगात थोडे, त्यात बुरशी पहिली. काटकीची माती होते ती तिच्यामुळे. हां, उभ्या झाडाच्या बुंध्यावर मोठ्या, कडक बुरशीचे थर दिसले तर दुर्लक्ष करू नका. तो वठणारा, आतून पोकळ होणारा बुंधा असू शकतो आणि खाली माणसं बसतात. तिथे जाणकाराला बोलवायलाच हवं.

आंबा घाटाच्या जंगलात पावसाळ्यात अशाच ओल्या काटक्यांवर गुलाबी-केशरी पेले दिसतात. त्यांचे फोटो काढायला आपण गाडी घेऊन सत्तर किलोमीटर जातो. घराशेजारच्या बागेत तसलंच काही उगवलं की ती घाण!

माझं मागणं लहान आहे. वाटेवरच्या फांद्या जरूर उचला. पण त्या गोळा करून पेटवू नका; उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच बंदी घातली, तरी थंडीत सकाळी त्या धुराचा वास येतोच. बागेच्या एका कोपऱ्यात दहा बाय दहा फूट जागा आखा, काटक्या तिथे टाका आणि पावसाळाभर तिकडे झाडू नेऊ नका.

तूर्तास ती गुलमोहराची फांदी मी रोज सकाळी झाडणाऱ्या मावशी यायच्या आत कुंपणाच्या झुडपाखाली सरकवतो. मावशींना ते कळलेलं दिसतं. परवा मी उशिरा पोचलो, तर फांदी आधीच झुडपाखाली होती.

आपला,
एक निवृत्त वखारवाला, कोल्हापूर