ट्रॅक डे भरवताना वेगातील तफावत आधी पाहावी

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

स्पोर्ट्स कार मालकांच्या क्लबाने एखादा रेस ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घ्यावा आणि सदस्यांना आपापल्या गाड्या तेथे चालवू द्याव्यात, ही ‘ट्रॅक डे’ची पद्धत मोटारप्रेमींमध्ये चांगलीच रुजली आहे आणि ती आणखी वाढावी असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक रस्त्यावर जो वेग गुन्हा ठरतो, त्याला येथे हक्काची जागा मिळते. मात्र असे दिवस भरवणाऱ्या मंडळींच्या बैठकांत बहुतेक वेळ तारीख, शुल्क आणि छायाचित्रांची व्यवस्था यांवर खर्ची पडतो, आणि ज्या एका गोष्टीवर साऱ्या दिवसाची सुरक्षितता अवलंबून असते तिचा विचार सर्वांत शेवटी, घाईघाईने होतो. ती गोष्ट म्हणजे एकाच वेळी ट्रॅकवर असलेल्या गाड्यांच्या वेगातील तफावत.

सरळ पट्ट्यावर एक गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल आणि तिच्या पुढची १४० किलोमीटरने, तर दोहोंमधले १०० मीटरचे अंतर सहा सेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत मागच्या चालकाला पुढचा काय करणार याचा अंदाज बांधायचा असतो आणि पुढच्याला आरशात पाहून वाट द्यायची असते. पण पुढचा नवखा असेल तर त्याचे सारे चित्त येणाऱ्या वळणात गुंतलेले असते आणि आरशाकडे त्याची नजर जातच नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, त्यामुळे मागच्याने ऐनवेळी ब्रेक दाबून सावरावे ही अपेक्षाही फोल ठरते. म्हणूनच ही तफावत ट्रॅकवर उतरण्यापूर्वीच, गट पाडताना, कमी केली पाहिजे.

येथे एक चूक सर्रास होते, ती म्हणजे गाडीच्या ताकदीनुसार गट पाडण्याची. वरकरणी हे तर्काला धरून वाटते. प्रत्यक्षात मोठ्या इंजिनाची गाडी घेऊन प्रथमच आलेला सदस्य सरळ पट्ट्यावर सुसाट जातो आणि वळणात अतिशय सावकाश, तर त्याच्या मागे असलेला हलक्या गाडीतला कसलेला चालक प्रत्येक वळणात त्याला गाठतो आणि प्रत्येक पट्ट्यावर मागे पडतो. अशा जोडीत दोघेही चिडतात, आणि चिडलेला माणूस वळणाच्या तोंडाशी नको तेथे गाडी घुसवतो. गट चालकाच्या अनुभवानुसारच असावेत: नवखे, मध्यम आणि अनुभवी. प्रत्येक गटाला तासातली वीस मिनिटे द्यावीत, म्हणजे माणसाला आणि गाडीला, दोघांनाही निवायला चाळीस मिनिटे मिळतात. नवख्यांच्या शेजारी प्रशिक्षक बसलाच पाहिजे, आणि त्यांच्या पहिल्या फेऱ्या पुढे चालणाऱ्या मार्गदर्शक गाडीच्या मागे, संथ गतीने व्हाव्यात. पिट लेन, म्हणजे ट्रॅकवर ये-जा करण्याची बाजूची वाट, दिवसभर खुली ठेवून ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा आत जावे, ही मोकळीक सर्वच चालक मुरलेले असतील तेव्हाच शोभते.

ओव्हरटेक करण्याचा नियमही याच सूत्रातून यावा. वळणात कोणीही कोणाला ओलांडू नये. ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवल्यानंतरच पुढे जावे. शक्तिशाली गाडीच्या चालकाने हात दाखवणे पुरेसे नाही, त्याने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला पाहिजे, अन्यथा मागची हलकी गाडी पट्टा संपेपर्यंत त्याच्या बरोबरीने धावत राहते आणि दोघे एकत्रच वळणावर येऊन पोहोचतात. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हे वाक्य ठासून सांगावे. पिवळा, लाल, निळा आणि काळा हे झेंडे कशासाठी, हेही त्याच वेळी समजावून द्यावे, आणि जो ब्रीफिंगला हजर नव्हता त्याला ट्रॅकवर सोडू नये.

स्टॉपवॉचला माझा ठाम विरोध आहे. वेळ मोजली गेली की सदस्य एकमेकांशी स्पर्धा करू लागतात आणि विम्याच्या दृष्टीनेही त्या दिवसाचे स्वरूप पालटते. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा नॉर्डश्लाइफे हा ट्रॅक सामान्य वाहनचालकांसाठी खुला असतो तेव्हा तेथे रस्त्यावरचे वाहतूक नियम लागू असतात, उजवीकडून ओव्हरटेक करता येत नाही (तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात) आणि फेरीची वेळ घेण्यास मनाई असते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ट्रॅकला ज्या बंधनात कमीपणा वाटत नाही, ते आपल्या क्लबांनी स्वीकारायला हरकत नसावी. मोटारीच्या विम्यातून ट्रॅकवरील वापर बहुधा वगळलेला असतो, हे सदस्यांना नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगावे, आणि जोखीमपत्रावर सही घेतली म्हणजे आयोजकाची जबाबदारी संपली असे कोणी समजू नये.

गाड्यांच्या तपासणीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण याविषयी बरीच जागरूकता आलेली आहे. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारे द्रव, मात्र अजूनही दुर्लक्षित राहते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. रस्त्यावर वर्षानुवर्षे निभावून गेलेले फ्लुइड ट्रॅकवर काही फेऱ्यांतच उकळू शकते, आणि मग ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते. म्हणून ते अलीकडे बदलल्याचा पुरावा मागावा. चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळणाऱ्या पान्याने) घट्ट करावेत, पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासावेत. गाडीतल्या बाटल्या आणि सैल पायपुसणी बाहेर काढावीत. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करावेत आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, हँडब्रेक न लावता चाकाला अडण लावावी. हेल्मेट मोटारस्पोर्टसाठी प्रमाणित असावे, कारण दुचाकीच्या हेल्मेटची आगीविरुद्ध तशी चाचणी झालेली नसते.

रुग्णवाहिका, अग्निशामक साधने आणि बंद पडलेली गाडी ओढून नेणारे वाहन यांच्यावाचून एकही फेरी होऊ नये. रुग्णवाहिका कोणाला घेऊन ट्रॅकबाहेर गेली, तर दुसरी येईपर्यंत सत्र थांबवावे, मग सदस्य कितीही कुरकुरले तरी चालेल.

हे सारे कागदावर आणणे सोपे आहे. खरी कसोटी लागते ती क्लबातल्या ओळखीपाळखीमुळे. सगळे एकमेकांचे स्नेही असतात. ज्याने वारंवार नियम मोडला तो कदाचित क्लबाचा संस्थापक असतो, नाहीतर सर्वांत मोठी देणगी देणारा, आणि त्याला काळा झेंडा दाखवून आत बोलावण्याचे धैर्य कोणी करत नाही. नवख्या गटात जाणे कमीपणाचे वाटून स्वतःला अनुभवी म्हणवणारे सदस्यही प्रत्येक क्लबात असतात, आणि भिडेपोटी त्यांचे म्हणणे मान्य केले जाते. यावर मला एकच उपाय दिसतो. दिवसाचा प्रमुख म्हणून एका व्यक्तीची आधीच नेमणूक करावी, त्या व्यक्तीने त्या दिवशी स्वतः एकही फेरी मारू नये, आणि कोणाचा गट बदलायचा, कोणाला घरी पाठवायचे, सत्र केव्हा थांबवायचे याबाबत तिचा शब्द अंतिम मानला जावा. स्वतः गाडी चालवण्याच्या ओढीत असलेला आयोजक ट्रॅकवर पूर्ण नजर ठेवू शकत नाही.

शुल्काचा प्रश्नही येथेच येऊन भिडतो. चार किलोमीटरच्या ट्रॅकवर वीस गाड्या सोडल्या तर दोन गाड्यांमध्ये सरासरी २०० मीटर अंतर राहते. चाळीस सोडल्या तर ते १०० वर येते. गाड्या कमी ठेवल्या की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च वाढतो, हे मान्य आहे. तो भार सदस्यांनी उचलावा, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी क्लबाने ट्रॅक अर्ध्या दिवसासाठी घ्यावा. गाड्यांची कमाल संख्या, गट ठरवण्याचे निकष आणि प्रमुखाचे नाव या तीन बाबी क्लबांनी नोंदणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर कराव्यात, अशी माझी सर्व आयोजकांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक