राणा गुरजित सिंग यांच्यावरचा लेख आणि सरदारजी, तुमचे उपकार

आदरणीय सरदारजी,

सत श्री अकाल.

दिवाळी अंकात माझा लेख छापून आला. पंजाबातल्या साखर कारखानदार राजकारण्यावर मराठीत लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे फक्त इंग्रजी बातम्या होत्या. गुरुमुखी वाचता येत नव्हती. तुम्ही दुकानातली गिऱ्हाइकं सांभाळून पंजाबी वर्तमानपत्रं मला वाचून दाखवलीत, ओळीओळीचं मराठी करून सांगितलंत आणि कपूरथळ्याच्या नातेवाइकांना फोन लावून तिकडची गावं, रस्ते, माणसं समजावून दिलीत. हे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघडं पत्र.

साखर आणि सत्तेचं नातं आपल्या वाचकाला शिकवावं लागत नाही. प्रवरानगरपासून आपण ते पाहत आलो आहोत. पण आपल्याकडचा नेता सभासद, संचालक, चेअरमन अशा पायऱ्या चढत विधानसभेत जातो. राणा गुरजित सिंग यांचा रस्ता वेगळा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. हा माणूस तराईतून, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातून, पंजाबात आलेला उद्योजक. राणा शुगर्स ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिचा कारखाना अमृतसर जिल्ह्यात बुट्टर सिवियांला, शिवाय उत्तर प्रदेशात मुरादाबाद आणि रामपूरकडे. २००२ मध्ये ते काँग्रेसतर्फे कपूरथळ्याचे आमदार झाले, २००४ मध्ये जालंधरचे खासदार. पुढे पत्नीही कपूरथळ्याच्या आमदार झाल्या. २०१७ च्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता सुमारे १६९ कोटींची. तुमचं म्हणणं होतं, श्रीमंती हा गुन्हा नाही, ती लपवली नाही एवढं लिही आणि पुढे चल.

खरी मदत झाली ती वाळूच्या प्रकरणात. मार्च २०१७ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्या सरकारात राणा सिंचन आणि ऊर्जा मंत्री झाले. मे महिन्यात वाळूच्या खाणींचे लिलाव झाले आणि त्यांच्याकडे पूर्वी स्वयंपाकी असलेल्या माणसाच्या नावावर २६ कोटींच्या पुढची बोली निघाली. गोदावरीकाठी राहणाऱ्याला रेतीघाटाचा लिलाव म्हणजे काय हे कळतं. त्यामुळे ही बातमी वाचून कुणाचाही निकाल मनात आधीच लागतो. तुम्ही तो लागू दिला नाहीत. माझ्या वहीत तुम्ही रकाने आखलेत: विरोधक काय म्हणतात, मंत्री काय म्हणतात, चौकशी आयोग काय म्हणतो. मंत्र्यांचा खुलासा होता की तो माणूस आपली नोकरी सोडून गेलेला आहे आणि लिलावाशी आपला संबंध नाही. निवृत्त न्यायमूर्ती जे. एस. नारंग यांच्या आयोगाने त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. विरोधकांनी तो अहवाल मानला नाही. तरीही जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा झालाच.

त्या दुपारी तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि माझा लेख त्यावरच उभा राहिला. आयोगाचं सगळं खरं मानलं तरी ज्याचे कारखाने साखरेबरोबर वीजही बनवतात त्याला ऊर्जा खातं द्यावं का? यात कुणी चोरी केली असं म्हणावं लागत नाही, कुणाला निर्दोष ठरवावंही लागत नाही. एकाच घरात विकणारा आणि धोरण ठरवणारा असावा का, एवढंच विचारायचं. मला तर वाटतं, महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रकरणांत आपण हा प्रश्न विचारायच्या आधीच आरोपांच्या चिखलात रुततो.

पुढचं राजकारण तुम्ही भराभर सांगितलंत. सप्टेंबर २०२१ मध्ये चरणजितसिंग चन्नी यांच्या मंत्रिमंडळात त्यांना घेऊ नये म्हणून दोआबातल्या, म्हणजे सतलज आणि बियास नद्यांमधल्या पट्ट्यातल्या, काँग्रेसवाल्यांनीच पत्र लिहिलं, तरी शपथविधी झाला. २०२२ मध्ये ते स्वतः काँग्रेसच्या तिकिटावर कपूरथळ्यातून निवडून आले आणि शेजारच्या सुलतानपूर लोधीत मुलगा अपक्ष म्हणून, काँग्रेसच्याच उमेदवाराविरुद्ध. पक्षाच्या चौकटीत न मावणारी ही स्वतःची ताकद पैशाने येते, की मतदारसंघात वर्षानुवर्षं लोकांच्या उपयोगी पडल्याने? मी पैसा म्हणत होतो. तुम्ही फोनवरच्या नातेवाइकाला बोलतं केलंत, त्याने कामं करून घेणाऱ्या लोकांच्या रांगांबद्दल सांगितलं, आणि लेखात दोन्ही बाजू आल्या.

सरदारजी, ज्यांच्याबद्दल लिहीत होतो ते तुमच्या धर्माचे. त्यांना झाकावं असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. आणि एका माणसाच्या वादावरून सगळ्या शिखांबद्दल शेरा मारणारं एक वाक्य कच्च्या मसुद्यात एका मित्राने सुचवलं होतं, ते तुम्ही शांतपणे खोडलंत. त्याबद्दल तुमचा मी विशेष ऋणी आहे.

अंकाच्या दोन प्रती दुकानाच्या पत्त्यावर पाठवल्या आहेत. एक कपूरथळ्याला जाऊ द्या. पुढचा लेख पंजाबातल्या ऊस उत्पादकांच्या थकबाकीवर करायचा आहे. सवडीने कळवा, मी वही घेऊन येतो.

तुमचा,
नांदेडचा एक लेखक