उरलेल्या एका टक्क्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विनाचालक गाड्यांवरच्या आपल्या लेखात कॅमेऱ्याची 'अचूकता ९९ टक्के' असल्याचं कौतुकानं लिहिलं आहे. माझी ३४ वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. 'शंभरातल्या ९९ वेळा सिग्नल बरोबर पडतो' असा अहवाल मी दिला असता, तर संध्याकाळपर्यंत हातात चार्जशीट पडली असती.

स्टेशनातले सिग्नल आणि सांधे चालवणारं नवं पॅनल सुरू करण्याआधी इंटरलॉकिंगची, म्हणजे दोन गाड्या एकमेकींच्या वाटेत येऊ नयेत म्हणून घातलेल्या कुलूपबंदीची, तपासणी व्हायची. एक जण पॅनलवर, दुसरा रिले (विजेवर उचलले-पडणारे स्विच) असलेल्या रिले रूममध्ये, मध्ये फोन. एक रूट, म्हणजे गाडीची वाट, लावायचा आणि त्याला छेद देणारा प्रत्येक रूट मुद्दाम लावून बघायचा. लागता कामा नये. नाही लागला, की सिलेक्शन टेबलावर, म्हणजे रूटांच्या नियमांच्या तक्त्यावर, लाल पेन्सिलीनं टिक. टेबल संपेपर्यंत पहाट व्हायची, पण संपायचं. कॅमेऱ्यापुढे येणारी दृश्यं मात्र संपतच नाहीत. २०१४ मध्ये गुगलच्या संशोधकांनी पांडाच्या फोटोत डोळ्याला कळणारही नाही एवढा फेरफार केला, तर यंत्रानं तो ९९.३ टक्के खात्रीनं गिबन वानर ठरवला. चाचणीच्या ढिगात असला पांडा कोण ठेवतो?

यावर उपाय शोधणारी माणसं आहेत, आणि त्यांचं काम वाचताना मला आमची रिले रूमच आठवली. मानवरहित विमानांची टक्कर टाळणाऱ्या 'अ‍ॅकॅस एक्सयू' यंत्रणेसाठी ४५ छोटी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणिती जाळी) तयार केली होती, प्रत्येकात ३०० न्यूरॉन, म्हणजे त्या जाळ्याच्या गाठी. यातला प्रत्येक न्यूरॉन आमच्या रिलेसारखा: उचललेला, नाहीतर पडलेला. ३०० रिलेंच्या उचललेल्या-पडलेल्या स्थितींच्या सगळ्या जोडण्या एकेक करून तपासायच्या म्हटल्या, तर विश्वातले अणूही मोजायला कमी पडतील. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी 'रेलुप्लेक्स' हे साधन केलं. बहुतेक जोडण्या तपासाव्याच लागत नाहीत, हे ते गणितानं दाखवतं. प्रश्न असे: दुसरं विमान समोरून आपल्याच दिशेनं येत असताना हे नेटवर्क कधीतरी 'धोका नाही' म्हणेल का? अंतर आणि वेगाच्या ठरलेल्या पट्ट्यात कधीच म्हणणार नाही, हे सिद्ध झालं. दुसऱ्या एका नियमाला अपवाद सापडला, तोही नेमक्या आकड्यांसकट. याला म्हणतात तपासणी!

अर्थात ३०० न्यूरॉन म्हणजे खेळणं. गाडीच्या कॅमेऱ्यामागचं नेटवर्क कितीतरी अवाढव्य, तिथं असली संपूर्ण सिद्धता अजून आवाक्यात नाही. शिवाय सिद्धता होते ती टेबलात लिहिलेल्या नियमांचीच. २०१८ मध्ये अमेरिकेत टेंपी इथं, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा चाचणीतल्या स्वयंचलित गाडीच्या धडकेनं मृत्यू झाला. साडेपाच सेकंद आधी ती यंत्रणेला दिसली होती. पण यंत्र तिला कधी वाहन म्हणे, कधी सायकल. झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्यात धरलंच नव्हतं.

हे वाचून मी गप्प झालो. एका स्टेशनावर मी स्वतः सगळ्या टिका करून पेन्सिल खिशात ठेवली होती. चहा घेऊन आलेला पॉइंट्समन म्हणाला, "साहेब, सायडिंगमधून डबा घरंगळला तर?" पाहतो तर लूपच्या (मुख्य रुळाशेजारच्या फाट्याच्या) रूटसमोर त्या सायडिंगच्या ट्रॅप पॉइंटचा, म्हणजे सुटलेला डबा वाटेत येण्याआधीच रुळावरून उतरवणाऱ्या सांध्याचा, नंबरच लिहिलेला नव्हता. टेबलात नाही, म्हणून तपासला नाही. चूक माझीच. सुरू करण्याची तारीख पुढे ढकलली, वर बोलणी खाल्ली.

तेव्हा आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी कंपनीवाले टक्केवारी सांगू लागले, की एवढं विचारा: कोणता नियम सिद्ध केलाय, किती वेगापर्यंत, आणि ती यादी लिहिताना खोलीत कोण कोण होतं?

आपला,
एक निवृत्त सिग्नल निरीक्षक, मिरज