तक्रार कुणाची, हे ठेकेदाराला कशाला कळायला हवं?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या बोळातल्या अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. दिवसभर चालणारा त्यांचा हात फक्त नळाला पाणी आलं की थांबतो. गेल्या उन्हाळ्यात पहिल्या दोन घागरी पिवळट आल्या, गटारीचा वास मारत होत्या. मी अक्कांच्याच फोनवरून फोटो काढून एका तक्रार ॲपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याचं काम बघणाऱ्या ठेकेदाराचा एक माणूस दारात. "तक्रार तुम्हीच टाकली ना?" एवढंच विचारलं त्यानं. हातातल्या मोबाइलवर नाव, नंबर, घराचं ठिकाण, सगळं होतं. नंबर अक्कांच्या मुलाचा, कारण घरात फोन एकच. आणि मुलगा त्याच ठेकेदाराकडे रोजंदारीवर. धमकी द्यायची गरजच नव्हती.

त्यानंतर आमच्या बोळातून एकही तक्रार गेलेली नाही. म्हणजे तक्रारींचे ठिपके दाखवणाऱ्या नकाशावर आमच्याकडचं पाणी आता स्वच्छ दिसत असणार! लोकांकडून माहिती गोळा करायची, ठिपके मोजायचे आणि जिथे ठिपके जास्त तिथे आधी काम, असं ठरलं की सगळ्यात घाबरलेली वस्ती सगळ्यात मागे पडते. मला झोप लागत नाही ती यामुळे.

मग नाव-नंबर काहीच घेऊ नका, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. एकच माणूस पन्नास खोट्या तक्रारी टाकून स्वतःच्या प्लॉटपुढचा रस्ता आधी करून घेईल, आणि त्याचा मागही लागणार नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी बनवलेला नकाशा 2004 पासून चालू आहे. तिथे टोपणनाव चालतं, पण खातं उघडल्याशिवाय बदल करता येत नाही, आणि कुठल्या खात्यानं काय बदललं हे कुणालाही बघता येतं. माणूस कोण ते कळत नाही, तो कसं काम करतो ते कळतं. आपल्या माहिती अधिकार कायद्याचं 2005 पासूनचं कलम 6(2) तर स्पष्टच सांगतं: अर्जदाराला कारण विचारायचं नाही, संपर्कापुरतं सोडून वैयक्तिक काही मागायचं नाही.

तेव्हा मागणी अशी. नंबर एकदा ओटीपीनं तपासा आणि तक्रारदाराला कायमचा क्रमांक द्या. कामावर येणाऱ्याला तो क्रमांक आणि चौकापर्यंतचं ठिकाण दिसू द्या. घरातलीच जोडणी बघायची असेल तर आधी तक्रारदाराला विचारा. मोबाइल अनेकदा फोटोतच ठिकाण लिहून ठेवतो, ते पुढे पाठवण्याआधी पुसा. खोट्या तक्रारी त्या क्रमांकावर नोंदल्या जातील. फारच झाल्या तर नाव जरूर उघडा, पण कुणी, केव्हा, कशासाठी उघडलं याची नोंद ठेवा आणि त्याच दिवशी तक्रारदाराला कळवा. आज नाव बघणाऱ्याला कुणी काहीच विचारत नाही.

परवा पाणी आलं. पहिली घागर अक्कांनी मोरीत ओतली. मी फोन काढला, तर म्हणाल्या, "राहू दे बाई."

आपली नम्र,
पूर्व भागातील एक शिक्षिका, सोलापूर

(माझं नाव आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर आहेत.)